घरातली बंदूक आणि कमरेचं पिस्तूल : परवान्याचा दीडशे वर्षांचा इतिहास



आजचा विषय थोडा वेगळा आहे. हल्ली एक प्रश्न कानावर येतो : घराच्या संरक्षणासाठी आणि रोज जवळ बाळगण्यासाठी पिस्तूल घ्यायचं, तर कोणतं घ्यावं? अमेरिकेत हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर विचारला जातो. आपल्याकडे तो मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून आला आहे. पण म्हणून तो अगदीच हवेतला समजू नका. शहाड, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात सोन्याचांदीचे व्यापारी आहेत, रोख रक्कम घेऊन फिरणारे लोक आहेत, जमिनीच्या भावामुळे एकमेकांचे वैरी झालेले भाऊबंद आहेत. त्यांच्यापैकी कुणी हा प्रश्न विचारला तर हसण्यावारी नेता येत नाही.

मला असं दिसतं की या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. घरात शस्त्र ठेवणं ही एक गोष्ट आणि शस्त्र अंगावर घेऊन फिरणं ही दुसरी. आपल्या कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत आणि त्या का वेगळ्या धरल्या याला इतिहास आहे. तो आधी पाहू. शेवटी निवडीबद्दलही बोलू, तो भाग मी टाळणार नाही.

परवाना आला कुठून?

दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो. आज बहुतेक घरांत ती विळी, कोयता, पान्हा, फार तर आजोबांची गंजलेली तलवार यांची होते. दोनशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. पाटलाच्या घरी, देशमुखांच्या वाड्यात, साध्या शिलेदाराकडेही हत्यार असे आणि त्यासाठी कुणाच्या सहीचा कागद लागत नसे. मराठी मुलखात शस्त्र हे नोकरीचं साधन होतं, वतनाची खूण होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी गावोगावची हत्यारं लगेच गेली नाहीत. खरा बदल १८५७ च्या उठावानंतर झाला. इंग्रज सरकारने लोकांकडची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली, १८६० मध्ये त्यासाठी कायदा केला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो प्रसिद्ध शस्त्र कायदा आला. बंदूक बाळगायची तर परवाना हवा आणि परवाना द्यायचा की नाही हे सरकार ठरवणार.

हा कायदा सगळ्यांना सारखा नव्हता. युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणजे कायदा विचारत होता, 'तू कोण आहेस?' 'तुला बंदूक कशाला हवी?' हा प्रश्न नंतरचा. गोऱ्या मळेवाल्यावर सरकारचा विश्वास होता, इथल्या वकिलावर, सावकारावर, शेतकऱ्यावर नव्हता. हिंदी माणसाला परवाना मिळे तो मेहेरबानी म्हणून आणि ज्याला मिळे त्याची गावात पत वाढे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

त्याच १८७८ साली लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरही निर्बंध घातले होते. ते रिपनने चार वर्षांत, १८८२ मध्ये उठवले. शस्त्र कायदा मात्र रिपनने ठेवला, त्याच्या नंतरच्यांनीही ठेवला. स्वातंत्र्य मिळालं तरी तो होता, १९५९ मध्ये नवा कायदा संमत होईपर्यंत. लेखणी परत मिळाली, तलवार नाही मिळाली.

सुशिक्षित हिंदी माणसाला हे फार लागलं होतं. १८८७ मध्ये मद्रासला राष्ट्रसभेचं तिसरं अधिवेशन झालं, अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. शस्त्र कायद्याचा जाच कमी करा, ही मागणी तिथे झाली. आता ही सगळी सनदशीर, मवाळ मंडळी. त्यांना काही बंदुका घेऊन रस्त्यावर उतरायचं नव्हतं. त्यांचं दुखणं अपमानाचं होतं. ज्याच्यावर राज्याचा विश्वास नाही तो नागरिक कसला, तो प्रजाजन, असं ते दुखणं. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नियमांत कागदावरून गेली.

नाशिकचं पिस्तूल, ठाण्याचा तुरुंग

आता आपल्या जिल्ह्याशी जोडलेली गोष्ट.

१९०० च्या सुमारास शस्त्रांच्या जगात एक मोठा बदल झाला. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने रचलेलं पिस्तूल बेल्जियममधल्या कारखान्यात तयार होऊ लागलं. त्याचं १९०० सालचं मॉडेल ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला .३२ बोअर म्हणतो ते. चपटं, कोटाच्या खिशात मावणारं, दस्त्यातल्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते. तोवर आपल्याकडे लोकांच्या ओळखीची होती ती ठासणीची बंदूक. दारू भरा, छर्रे भरा, गजाने ठासा, मग बार काढा. ती लांबून दिसते. हे नवं हत्यार कुणालाच दिसत नाही.

१९०९ च्या सुरुवातीला लंडनहून विनायकराव सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारे चतुर्भुज अमीन यांनी ती ट्रंकेच्या चोरकप्प्यातून आणली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांच्या बदलीनिमित्त तो ठेवला होता. अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ठाण्याला गेलात तर तो तुरुंग आजही तिथेच आहे.

या घटनेबद्दल राष्ट्रीय इतिहासाच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी आज एका छोट्या मुद्द्यापुरतं तिच्याकडे पाहतो. शस्त्र कायदा लागू होऊन तीस वर्षं झाली होती. परवाने कलेक्टरच्या कचेरीतून निघत. आणि त्या कलेक्टरलाच बिनपरवाना पिस्तुलाने मारलं. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, परवान्याची अट निश्चय केलेल्या माणसाला अडवू शकत नाही. हा युक्तिवाद आजही केला जातो आणि त्यात तथ्य आहे. आज चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावाकडून येणारे गावठी कट्टे पोलीस वरचेवर पकडतात, ते परवाना विचारून येत नाहीत. दुसरी गोष्ट तितकीच खरी : लपवता येणारं शस्त्र ही लांब बंदुकीपेक्षा वेगळीच जात आहे. नाट्यगृहात ठासणीची बंदूक घेऊन कुणी पहिल्या रांगेपर्यंत पोचू शकला नसता.

हक्क की परवानगी?

स्वातंत्र्य आलं तेव्हा अपेक्षा काय असेल? १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. मग घटनेत तो का नाही?

कालक्रम पाहा. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. वापरलेलं शस्त्र इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल, ग्वाल्हेरहून मिळवलेलं. पुन्हा तेच, खिशात मावणारं आणि प्रार्थनेच्या गर्दीत न दिसणारं. त्यानंतर दहा महिन्यांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. मुद्दा कराचीच्या ठरावातलाच होता.

डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा : हा हक्क मूलभूत केला तर तो चोरालाही मिळेल, दरोडेखोरालाही मिळेल आणि मग कुणाला शस्त्र द्यावं, कुणाला नाही, हे ठरवण्याचा राज्याचा अधिकार अडचणीत येईल. शिवाय शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रासाठी शस्त्र धारण करण्याचं कर्तव्य महत्त्वाचं. दुरुस्ती नामंजूर झाली.

आज तुम्ही अनुच्छेद १९ काढून वाचा. एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण कसा? शांततेने आणि विनाशस्त्र. अनुच्छेद २५ मध्ये शिखांच्या कृपाणाचा उल्लेख येतो, तो धर्माचरणाचा भाग म्हणून. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल हा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. ती परवानगी आहे, हे पहिलं सूत्र.

१९५९ चा कायदा काय म्हणतो

नवा शस्त्र कायदा १९५९ चा, अंमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याने प्रश्न बदलला. 'तू कोण?' ऐवजी 'तुला कशासाठी हवं?' असं विचारलं. त्यातलं तेरावं कलम मला फार बोलकं वाटतं.

ते कलम म्हणतं, भारतीय नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळी असलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, किंवा शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर बाकी हरकत नसल्यास परवाना द्यावा. पण इतर शस्त्रांच्या बाबतीत, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर आलेच त्यात, अर्जदाराजवळ 'सबळ कारण' आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

बघा, म्हणजे कायद्याच्या नजरेत घराच्या राखणीचं शस्त्र लांब नळीचं आहे. वीस इंच म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. ती कमरेला खोचता येत नाही, नाक्यावर नेता येत नाही, भांडणात पटकन निघत नाही. कोकणात रानडुकरांपासून भात राखणाऱ्या शेतकऱ्याकडे असते ती तीच. पिस्तुलाला वेगळं, जास्तीचं कारण द्यावं लागतं, कारण ते तुमच्याबरोबर घराबाहेर पडतं. घर आणि रस्ता यांतला फरक कायद्याने नळीच्या लांबीने मोजला आहे.

इथे मला थॉमस हॉब्ज आठवतो. १६५१ च्या 'लेव्हायथन'मध्ये तो वाचकाला स्वतःकडे पाहायला सांगतो. प्रवासाला निघताना तू शस्त्र घेतोस, झोपताना दाराला कुलूप लावतोस, घरातल्या घरात पेटीलाही कुलूप लावतोस. मग रस्त्यावरची माणसं, शेजारी आणि घरची मुलं-नोकर यांच्याबद्दल तुझं मत काय आहे ते बोल. घर आणि बाहेर, दोन्ही तिथे आहेत. त्याचा निष्कर्ष असा की या भीतीतून सुटण्यासाठीच माणसं आपली ताकद राज्याच्या हवाली करतात. परवाना म्हणजे त्या हवाली केलेल्या ताकदीतला थोडा भाग राज्याने परत देणं. म्हणून तो देताना राज्याने कारण विचारलं, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. अन्याय होतो तो कारण सगळ्यांना सारखं विचारलं जात नाही तेव्हा.

तर मग कोणतं घ्यावं?

आता मूळ प्रश्न. उत्तर बरंचसं कायद्यानेच देऊन ठेवलं आहे.

शहाड ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, त्यामुळे इथे अर्ज आयुक्तालयात करायचा. जिथे आयुक्तालय नाही तिथे जिल्हाधिकारी. वय एकवीस पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची सोय या अटी घातल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. लग्नात-वरातीत हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

व्हिडिओत दिसतं ते नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, तो बोअर निषिद्ध आहे. उरतं मुख्यतः .३२. गंमत पाहा, ब्राउनिंगच्या १९०० सालच्या पिस्तुलाचा बोअर तोच. त्यात दोन प्रकार. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरणारं चक्र, सहसा सहा गोळ्या, रचना सोपी. भरलेलं आहे की रिकामं ते चक्र उघडलं की दिसतं. पिस्तूल चपटं असतं, लपवायला सोपं. पण मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या टोकाशी एक गोळी राहू शकते. 'रिकामं आहे' म्हणून हातात घेतलं आणि अपघात झाला, असं होतं ते यामुळे. नवख्या माणसाने केवळ घरात ठेवायला घ्यायचं असेल तर रिव्हॉल्व्हर बरं, हे मी तर्काने सांगतो आहे. अंतिम शब्द प्रशिक्षकाचा.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल अशी जाहिरात होती. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतरचा तो काळ. टीका झाली आणि ती योग्यच होती. ज्या नोकरदार मुलीला रात्री साडेदहाच्या कसारा लोकलने उतरून घरी चालत जायचं आहे, तिला दिवे, गस्त आणि दाद घेणारं पोलीस ठाणं हवं. सव्वा लाख तिच्याजवळ नाहीत, आणि असते तरी गर्दीच्या डब्यात तिने ते चालवायचं कसं?

घेतल्यावर वापरायचं केव्हा, हेही ठाऊक हवं. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, पूर्वी दंडविधानात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. जिवावरचा हल्ला, रात्रीची घरफोडी अशा प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तुम्हाला कोर्टात उभं राहून उत्तर द्यावं लागेल.

परवाना आणि पत

मघाशी म्हटलं होतं, परवान्याने पत वाढे, हे लक्षात ठेवा. १९५९ च्या कायद्याने 'तू कोण?' हा प्रश्न दारातून बाहेर काढला, पण तो खिडकीतून परत आला. आपल्याकडे कमरेचं पिस्तूल पुष्कळदा भीतीपोटी नसतं, वजन दाखवायला असतं. शर्ट जरा वर सरकवून बसायची ती पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. खरं तर नियमाप्रमाणे शस्त्र सार्वजनिक ठिकाणी झाकून न्यायचं असतं, मिरवायचं नसतं.

याचा शेवट कुठे होतो ते आपल्याच भागाने पाहिलं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. वाद जमिनीचा होता. सीसीटीव्हीची दृश्यं देशाने पाहिली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल, त्यावर मी बोलणार नाही. मी फक्त जागेकडे बोट दाखवतो. नागरिकाने आपली ताकद ज्या राज्याच्या हवाली केली, त्याचा उंबरठा म्हणजे हे ठाणं. संरक्षणासाठी आणखी सुरक्षित जागा कुठली शोधणार? आणि त्याच खोलीत गोळ्या चालल्या.

सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. पोलिसांनी तेव्हा सांगितलं की वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना गोळी झाडणाऱ्याच्या नव्हे, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. परवाना एका माणसाच्या सबळ कारणावर मिळतो, शस्त्र मात्र ज्याच्या हाताला लागेल त्याचं होतं. घरातल्या कपाटालाही हेच लागू आहे. घरातला संतापी मुलगा, कर्जाने खचलेला भाऊ, खेळणारा नातू, यांच्यापैकी कुणाचीच चौकशी पोलिसांनी केलेली नसते.

माझं मत सांगतो. ज्याला खरोखर, नाव घेऊन धमक्या आहेत, ज्याने पोलिसांत तक्रार दिली आहे, त्याचा अर्ज आमदाराच्या शिफारशीविना, ठरलेल्या मुदतीत निकाली निघाला पाहिजे. नकार दिला तर कारणं लेखी मिळाली पाहिजेत. त्यावर अपिलाची तरतूद कायद्यात आहे, ती वापरा. आणि ज्याला शस्त्र केवळ पत म्हणून हवं आहे, त्याला ते मिळता कामा नये, तो कितीही मोठा असो. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. म्हणजे ही शस्त्रं कशाच्या कामी येऊ शकतात हे राज्याला चांगलं माहीत आहे. मग परवाना देतानाच ते आठवायला काय हरकत आहे?

बाकीच्यांसाठी, म्हणजे चाळीत आणि सोसायटीत राहणाऱ्या तुम्हा-आम्हा बहुतेकांसाठी, घराचं संरक्षण म्हणजे भक्कम दार, आतली कडी, जिन्यातला दिवा आणि हाक मारली तर येणारा शेजारी. या चारांपैकी शेजारी सर्वांत महाग आहे. तो सव्वा लाखात मिळत नाही, त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत राहावं लागतं. कमरेला पिस्तूल दिसलं की तो बोलणं कमी करतो, हाही खर्च हिशेबात धरा.

वेळ झाली आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.